मुलींच्या शाळेचा मक्ता

पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून पास होऊन मी मुलींच्या शाळेवर मुख्य बाई म्हणून आले, तेव्हा शाळा कापसाच्या एका जुन्या वखारीत भरत होती. तापीच्या उत्तरेचं, काळ्याभोर जमिनीचं गाव ते. वखारीला खिडकी नव्हती. सरकीचा वास भिंतींत इतका मुरलेला होता की मुली घरी गेल्या की आया त्यांचे परकर आधी अंगणात झटकून घेत. हिवाळ्यात हंगाम सुरू झाला की मालकाला वखार लागे. मग आम्ही दोन-अडीच महिने देवळाच्या ओवरीत बसायचो, आणि देवळात काही कार्य निघालं की शाळेला सुट्टी. मी एकोणिसाव्या वर्षी विधवा झालेली, धुळ्याला भावाच्या आधाराने शिकलेली. साऱ्या गावात पगारावर असलेल्या बायका दोनच, म्युनिसिपालटीची सुईण आणि मी.

इमारतीसाठी मी तीन वर्षं अर्ज करत राहिले. उत्तर येई ते असं की मागणी विचाराधीन आहे. चौथ्या वर्षी पावसाळ्यात शाळा तपासायला साहेब आले. मुली पाढे म्हणत होत्या आणि पोत्यांच्या थप्पीखालून एक विंचू निघून सरळ साहेबांच्या बुटाकडे चालला. कोणी ओरडलं नाही. तिसरीतली एक मुलगी उठली, पाटीच्या कडेने तिने तो ठेचला, पाटी पुसली आणि राहिलेला पाढा पुरा केला. ती एका गवंड्याची मुलगी होती. त्यांच्या घरातली शाळेत आलेली पहिलीच. साहेबांनी शेऱ्यात काय लिहिलं ते मला कळलं नाही, पण दोन महिन्यांत सरकारचं पत्र आलं. म्युनिसिपालटीने शाळा बांधली तर निम्मा खर्च सरकार देईल, मात्र इमारत मार्चअखेर पुरी होऊन ताब्यात आली पाहिजे. मी त्या दिवशी मुलींना गूळ-शेंगदाणे वाटले.

जागा ठरली ती गावाच्या कडेची, शेताला लागून. मक्त्याची जाहिरात कचेरीच्या भिंतीवर लागली. पाकिटं उघडायच्या दिवशी मी खडूची पेटी आणायला कचेरीत गेले होते. कारकुनाच्या मेजावर तीन टेंडरं उघडी पडलेली. तिन्हींवर वेगवेगळ्या माणसांच्या सह्या, पण तिन्हींचं मोडी अक्षर एकच. त्या अक्षराची मला चांगली ओळख होती. गावातल्या एका मोठ्या आसामीची नात माझ्याकडे दुसरीत होती, आणि तिला ताप आला, लग्नाला जायचं आहे, अशा चिठ्ठ्या त्याच हाताने लिहिलेल्या येत. घरचे मुनीम लिहीत.

मी कारकुनाला म्हटलं, ही तिन्ही एकाच माणसाने लिहिलेली दिसतात. कारकून वाईट नव्हता. पाच मुलांचा बाप, खाली मान घालून चालणारा. त्याने कागद हळूच एकावर एक ठेवले.

"बाई," तो म्हणाला, "तुम्ही मुलींची अक्षरं तपासा."

मक्ता त्या आसामीलाच मिळाला. यापुढे मी त्यांना मक्तेदार म्हणते, कारण पुढे ते बरंच काही झाले तरी माझ्या लेखी ते तेच राहिले. माणूस गोड बोलणारा. रस्त्यात भेटले तर आधी हात जोडायचे. गावातली खडी, गटारं, जकातनाका, बाजारचं मैदान, सगळे मक्ते फिरून फिरून त्यांच्याकडेच जात, आणि म्युनिसिपालटीचे उपाध्यक्ष त्यांचे सख्खे साडू. गावाला यात वावगं काही वाटत नसे. काम करणारा माणूस आहे, त्यालाच देणार, असं लोक म्हणत.

दिवाळीनंतर पाया खणायला सुरुवात झाली. मी रोज शाळा सुटली की तिथे जायची. चार खोल्या, पुढे ओटा, खिडक्या प्रत्येक खोलीला दोन. जमिनीवर फक्कीने आखलेल्या त्या खोल्यांमधून मी चालून पाहायची. इथे चौथी बसेल, इथे शिवणाचा वर्ग. अशी मी, तिशीची बाई, मनातल्या मनात भातुकली मांडत होते.

कामावर मुख्य गवंडी होता तो त्या विंचू मारणाऱ्या मुलीचा बाप. पन्नाशीचा, उंच, हाताची बोटं चुन्याने कायम फाटलेली. मुलीची मास्तरीण म्हणून तो मला पाहिलं की थापी खाली ठेवी. चार-पाच दिवस तो काहीतरी सांगायच्या बेतात आहे असं मला वाटत होतं. एका संध्याकाळी मजूर पांगल्यावर तो जवळ आला.

"बाई, पाया मुरूमलगुन गया नही," तो म्हणाला. "हाई काळी माती शे. पावसाळामा फुगी, उन्हाळामा फाटी. तेन्हावर भिंत कितला दिन उभी ऱ्हाई?"

मग त्याने मला नीट समजावलं. आमच्याकडची काळी माती दोन-दोन माणसांच्या उंचीइतकी खोल जाते, तिच्याखाली पिवळसर मुरूम लागतो, आणि भिंतीचा पाया त्या मुरमावर टेकला तरच घर उभं राहतं. कागदावर तसंच ठरलं होतं. पण कंबरभर खणून झाल्यावर मक्तेदाराच्या माणसाने खणणं थांबवलं होतं आणि दगड भरायला लावले होते. चुना मळायच्या घाणीत चुना कमी, माती जास्त चालली होती. त्याने दोनदा सांगून पाहिलं. त्याला सांगण्यात आलं की तुझं काम रचायचं आहे.

शेवटी तो म्हणाला, "मन्हं नाव कोन्हले सांगू नका. मन्ही पोर तठे बसाव शे, म्हणीसन सांगं." त्याची मुलगी तिथेच बसणार होती, म्हणून त्याने सांगितलं. मी म्हटलं, नाही सांगणार. शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी मी अध्यक्षांकडे गेले. अध्यक्ष वकील, शिकलेले, स्त्रीशिक्षणावर भाषण करणारे. त्यांनी चहा दिला आणि ओव्हरसियर पाठवून मोजमाप घ्यायचं कबूल केलं. ओव्हरसियर पंधरा दिवसांनी आला. तोवर पाया भरून त्यावर छातीभर भिंत आली होती. तो सकाळी मक्तेदाराच्या घरी उतरला, तिथेच जेवला, दुपारी टेप घेऊन भिंतीची लांबी, रुंदी, उंची मोजली. मी त्याला विचारलं, खोली कशी मोजणार? तो हसला. पुरलेलं उकरून बघायची आपली पद्धत नाही, म्हणाला.

फेब्रुवारीत इमारत उभी राहिली. बाहेरून गिलावा, वर लाल कौलं, दारावर शाळेचं नाव. दिसायला इतकी देखणी की मीसुद्धा थोडी डगमगले. गवंड्याचा अंदाज चुकलाही असेल, असं मनाला सांगून पाहिलं. पण ताबापावतीचा कागद माझ्यापुढे आला तेव्हा त्यावर लिहिलेलं होतं की इमारत ठरलेल्या नकाशाबरहुकूम, मजबूत व समाधानकारक झाली असून ती मिळाली. खाली मुख्याध्यापिकेची सही. सरकारच्या नियमाने ती सही लागत होती. मी कागद परत पाठवला आणि सोबत पत्र लिहिलं, की पाया मुरमापर्यंत गेलेला नाही आणि चुना निकृष्ट आहे असं मला समजलं आहे, तरी एका ठिकाणी उकरून खात्री करावी.

चार दिवसांनी मला म्युनिसिपालटीच्या कमिटीपुढे बोलावलं. दिवाणखान्यासारखी ती खोली, गाद्या-लोड, अकरा पुरुष आणि दाराजवळ एक खुर्ची माझ्यासाठी. मक्तेदारही बसले होते. मी पदर सारखा करून बसले. आधी सगळे सौम्यच बोलत होते. बाईंना शाळेची कळकळ आहे, असं कोणीतरी म्हणालं. मग अध्यक्षांनी विचारलं की बाई, तुम्हाला हे समजलं कुणाकडून. मी म्हटलं, ते मला सांगता येणार नाही, पण उकरून पाहिलं तर कळेलच. उपाध्यक्ष म्हणाले की कोणी काही म्हणावं आणि आम्ही नवी भिंत फोडावी, हे कसं चालेल. मी पुन्हा तेच म्हटलं.

तेव्हा अध्यक्ष चष्मा पुसत म्हणाले, "नाव नसेल तर ही तक्रार होत नाही, बाई. ही पाणवठ्यावरची कुजबुज झाली."

दोघे-तिघे हसले. ते हसू मला लागलं. मी पुण्याला शिकलेली, चार वर्षं लोकांच्या नजरा झेलून शाळा चालवलेली, आणि हे मला पाणवठ्यावर बसवत होते. मी नाव सांगितलं.

कुणी माझ्यावर जबरदस्ती केली नव्हती. आणखी थोडा वेळ गप्प बसले असते तर ते माझ्यावर हसले असते आणि मी घरी गेले असते, एवढंच. पण मला त्या अकराजणांकडून खरी म्हणवून घ्यायचं होतं.

मक्तेदारांनी लगेच शिपाई पाठवला. गवंडी बाजारपेठेत त्यांच्याच एका दुकानाच्या कामावर होता. तो चुन्याच्या हातांनीच आला आणि उंबऱ्याबाहेर उभा राहिला. मक्तेदार अगदी शांतपणे बोलले.

"तू बाईले काय सांगं रे?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. एकदाच, फार वेळ नाही. मला वाटलं तो आता नाही म्हणेल, आणि खरं सांगायचं तर तो नाही म्हणाला तर बरं, असंही त्या क्षणी मला वाटलं.

"पाया मुरूमलगुन गया नही," तो म्हणाला. "मी सांगं."

मक्तेदारांनी मान हलवली. "बरं. जाय तू."

तो गेला. कमिटीच्या ठरावात लिहिलं गेलं की सदर गवंडी मजुरीवरून असंतुष्ट असून त्याच्या सांगण्यात तथ्य दिसत नाही. भिंतीपाशी उकरायचं तर कोणी नावही काढलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्याला गावात काम मिळालं नाही. कुणी त्याला मारलं नाही की धमकावलं नाही. बांधकाम काढणारा प्रत्येकजण मक्तेदाराकडून वीट, चुना, लाकूड घेणारा, किंवा त्यांच्या साडूशी काम असलेला. गवंडी दारात गेला की लोक म्हणत, सध्या नको, पुढे बघू. तो आसपासच्या खेड्यांत, म्हसावदपर्यंत फिरून आला. तिथेही निरोप त्याच्या आधी पोचलेला असे. पंधरा दिवसांनी त्याची बायको शाळेत आली. मुलीचं वाचनाचं पुस्तक शाळेचं होतं, ते परत द्यायला. पुस्तकाला तिने जुन्या लुगड्याचा धडपा गुंडाळलेला होता. ते नवापूरकडे जाणार होते, तिकडे काही काम निघालंय असं ऐकलं होतं. मी तिला विचारलं, मुलीला इथे माझ्याजवळ ठेवता का. ती म्हणाली, "नही बाई." तेवढंच. मी परीक्षेपर्यंत तरी, असं काहीतरी पुटपुटले. तोवर ती ओवरीच्या पायऱ्या उतरली होती.

मला वाटत होतं की आता निदान मी हटून बसेन. त्या माणसाने एवढं सोसलं, तर सही करायची नाही ही गोष्ट मी धरून ठेवीन. मार्चचा पहिला आठवडा मी धरून ठेवलीही. मग कारकून घरी आला. उंबऱ्याशी चपला काढून, आत न येता बोलला. मार्च संपला की सरकारचे पैसे परत जाणार. ते गेले की म्युनिसिपालटी इमारत दुसऱ्या कामाला घेईल, बहुतेक जकातीच्या गुदामाला, आणि मुली पुन्हा वखारीत. त्याने स्वतःचं मत दिलं नाही. त्याची धाकटी माझ्याच शाळेत होती.

त्यानंतर मुलींच्या आया आल्या. सात-आठजणी, डोक्यावर पदर, अंगणात उभ्या. त्यांना पाया, मुरूम काही ठाऊक नव्हतं. त्यांना दिसत होती ती लाल कौलं. एक म्हातारी, जिच्या दोन नाती शाळेत होत्या, पुढे होऊन म्हणाली, "बाई, सही करी टाका. पोरीसले बसाले जागा तं व्हई."

मी चौदा मार्चला सही केली. कमिटीच्या खोलीत नाही, कारकुनाच्या मेजावर, उभ्यानेच. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं. बाहेर पडल्यावर मात्र मला कळेना की मी कुठल्या बाजूला जायचं आहे, घराकडे की शाळेकडे. गवंड्याला देशोधडीला लावलं होतं आणि जी द्यायची नाही म्हणून लावलं ती सहीसुद्धा देऊन टाकली होती. आधीच दिली असती तर तो आपल्या घरात राहिला असता.

जूनमध्ये शाळा नव्या इमारतीत भरली. त्याच पावसाळ्यात उत्तरेच्या भिंतीला कोपऱ्यातून वर जाणारी फट पडली. आधी नखाएवढी, उन्हाळ्यात बोट जाईल एवढी. मी तीन वेळा लेखी कळवलं. एकदा मक्तेदाराचा माणूस येऊन फटीत चुना भरून गेला. मी मुलींना त्या भिंतीपासून दूर, खोलीच्या मधोमध दाटीने बसवायला लागले. चौथीच्या खोलीत तर भिंतीकडचा निम्मा भाग मोकळाच असे. पाहुणे विचारत, जागा असून मुली अशा का कोंबल्यात. मी सांगे, लक्ष राहतं.

दुसऱ्या वर्षी भाद्रपदात, रविवारी दुपारी, उत्तरेची भिंत बाहेरच्या बाजूला बसली आणि तिच्यावरची कौलं आत आली. शाळेत कोणी नव्हतं. मी पोचले तेव्हा मक्तेदार माझ्याआधी तिथे उभे होते, अनवाणी, डोक्याला टोपी नाही. नात आता चौथीत होती. ती कुठे बसते, असं त्यांनी विचारलं. मी खोलीचा मधला भाग दाखवला आणि सांगितलं की मी गेले वर्षभर एकीलाही भिंतीजवळ बसू देत नाही. ते पडलेल्या मातीकडे बघत राहिले.

चौकशी झाली. चौकशीत माझी सही काढून पुढे ठेवली गेली. इमारत मजबूत व समाधानकारक आहे असं मुख्याध्यापिकेने लिहून दिलं होतं, तेव्हा म्युनिसिपालटीने त्यावर विश्वास ठेवला, असं ठरलं. माझी तीन पत्रं दप्तरात सापडली नाहीत. कारकुनाने माझ्या नजरेला नजर दिली नाही. माझी दोन वर्षांची बढती रोखली आणि समज देणारा कागद आला. दुरुस्तीचा मक्ता निघाला तेव्हा एकच पाकीट आलं, आणि ते कोणाचं हे सांगायला नको.

त्यांनी या खेपेला चारही भिंतींचे पाये मुरमापर्यंत नेले. मी स्वतः पाहिलं. खड्ड्यात माणूस दिसेनासा झाला होता. चुना त्यांनी समोर उभं राहून मळवून घेतला, दारांना सागवान घातलं, आणि खर्च ठरल्यापेक्षा वर गेला तो स्वतः सोसला. गावाने त्यांची वाहवा केली. पुढे दोन वर्षांनी ते अध्यक्ष झाले. ती इमारत अजून उभी आहे, एक तडा नाही. शाळेच्या समारंभात त्यांच्या दातृत्वावर बोलायची पाळी दोनदा माझ्यावर आली आणि मी बोलले.

महायुद्ध सुरू झाल्यावर तिसऱ्या की चौथ्या वर्षी परीक्षेच्या कामाने मला नवापूरला जावं लागलं. नंदुरबारहून गाडी. काम दुपारी आटोपलं. मी तिथल्या मास्तरांना विचारत विचारत गवंड्याचा ठावठिकाणा काढला. गावाबाहेर एका दवाखान्याचं कुंपण चाललं होतं, तिथे तो होता. रचत नव्हता. खाली बसून दगड फोडत होता. डोळ्याला कमी दिसायला लागलं होतं, त्यामुळे ओळंब्याची दोरी आता दुसरे धरत होते. मी कोण ते सांगावं लागलं नाही. आवाजावरून त्याने ओळखलं.

मी त्याला सगळं सांगितलं. सही केली ते, भिंत पडली ते, नंतर मुरमापर्यंत गेले ते. त्याने मध्ये काही विचारलं नाही. फक्त मुरूम किती खोल लागला ते विचारलं, आणि मी सांगितल्यावर मान हलवली, जणू त्याचा अंदाज तेवढाच होता. मी म्हटलं, सही केल्याचं मला फार वाईट वाटतं.

"सहीनं माले काही नही, बाई," तो म्हणाला. "पोरीसले जागा पाहिजे व्हती. मी बी करतू." मग हातोडी मांडीवर ठेवून म्हणाला, "पण मन्हं नाव कसाले लिधं?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याचं नाव मी का घेतलं, याचं इतक्या वर्षांत त्याला खरोखर उत्तर मिळालं नव्हतं, आणि आता विचारायला माणूस समोर आला होता. मी कितीतरी उत्तरं तयार ठेवलेली होती. चौकशी खरी व्हावी म्हणून, तुझ्या शब्दाला वजन होतं म्हणून. त्यातलं एकही खरं नव्हतं. मी म्हटलं, "ते हसले म्हणून."

"हा," तो म्हणाला, आणि पुन्हा दगड फोडायला लागला.

त्याची मुलगी तिथेच मजुरीवर होती. लग्न झालेलं, कडेवर मूल. बापाने सांगितल्यावर तिने माझ्यासाठी तांब्या भरून आणला. मी विचारलं, वाचता येतं का अजून. ती म्हणाली, कसाले पाहिजे. उर्मटपणे नाही, सहज. मी पाणी प्यायले. चारची गाडी होती. तिने तांब्या माझ्या हातातून घेतला, उरलेलं पाणी मुलाच्या तोंडावरून फिरवलं आणि ती खडीची पाटी उचलायला गेली.